तोरणाची चतुःसीमा

तेरडा बाजारात आला की मला जळायला होतं. भाद्रपदात बाकीच्या बायकांना माहेर आठवतं, गौरीची गाणी आठवतात. मला माझी जाऊ आठवते.

आज सकाळी बदलापूरच्या बाजारात बारवी धरणाच्या बाजूने आलेल्या बायका पोत्यावर तेरड्याच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मुळांना लाल माती तशीच चिकटलेली. गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं आणि त्या फुलांच्या मागे ती बारीक वाकडी शेपटी. आमच्याकडे गौरीचं अंग तेरड्याचं असतं. दोन जुड्या बांधायच्या, त्यांवर मुखवटे चढवायचे, साड्या नेसवायच्या, की थोरली आणि धाकटी अशा दोघी उभ्या राहतात. मी एक जुडी उचलून फुलं बघत होते.

"केवढ्याला गं?"

"दे बाय, तुला काय द्यायचा तो. डोंगराचा हाय. मी थोडाच लावलाय?"

"मग पैसे कशाचे घेतेस?"

"आनलाय ना इथपत्तूर!" ती म्हणाली आणि माझ्याच भोळेपणावर हसली.

मीही हसले, पैसे दिले आणि रिक्षात बसेपर्यंत तिचं वाक्य मनात घोळवत राहिले. ही बाई दोनतीन वर्षांपूर्वी भेटली असती, तर आमच्या वकीलसाहेबांचं डोकं वाचलं असतं. कारण त्या सगळ्या भाद्रपदात आम्ही हेच भांडत होतो, की फूल डोंगराचं, नक्षी माझ्या जावेची, आणि ती जगभर फुकट नेऊन टाकणारा कोण टिकोजीराव!

माझ्या जावेचं नाव मनीषा. माझ्या धाकट्या दिराची बायको. दोघीही बदलापुरातच, ती हेंद्रेपाड्यात राहते, मी बेलवलीत. भाजीच्या पिशव्या हातात असल्या तरी चालत जाता येईल इतकंच अंतर. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी साखळी घालता येत नव्हती. क्रोशाची सुई तिच्या हातात मी दिली. दोरा करंगळीला कसा गुंडाळायचा, खांब, म्हणजे उभे टाके, कसे मोजायचे, गोल विणताना त्याची वाटी का होते आणि तो सपाट कसा राहतो, सगळं मी शिकवलं. अंबरनाथला दोऱ्याच्या दुकानात तिला पहिल्यांदा मीच नेलं आणि दुकानदाराला सांगितलं, की ही माझी जाऊ आहे, हिला कच्च्या रंगाचा दोरा द्यायचा नाही. आता तो दुकानदार मला विचारतो, "मनीषा मॅडमच्या तुम्ही कोण?"

सासूबाई गेल्यावर घरातल्या चार गोष्टींच्या वाटण्या झाल्या. थोरली म्हणून मला गौरीचे मुखवटे आले. म्हणजे पुरण आलं, सोळा भाज्या आल्या, आलेल्या-गेलेल्यांची खरकटी भांडी आली. मनीषाला सासूबाईंची कोयरी आली. पितळेची, आंब्याच्या आकाराची, हळदीकुंकवाची. झाकणावर मोर आहे आणि त्या मोराची मान एकदा पडून डावीकडे वाकली आहे, त्यामुळे झाकण नीट बसत नाही. मला ती कोयरी हवी होती. मी तेव्हा म्हटलं, "छे छे, तिलाच द्या, मला काय करायचीय." हे वाक्य मी इतक्या मोठ्या मनाने म्हटलं, की कुणी पुन्हा विचारलंच नाही.

मनीषाने त्या कोयरीचं काय करावं? ती तिचा कागद दाबायला वापरते. नवी नक्षी सुचली की ती चौकटीच्या कागदावर चार्ट काढते, बाल्कनीच्या दारात फरशीवर ठेवते, पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर कोयरी ठेवते आणि मोबाईलने फोटो काढते. मग त्या फोटोवरून संगणकावर स्वच्छ चार्ट तयार करते. मी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, देवाची वस्तू आहे ती." तर म्हणते, "ताई, म्हणून तर ठेवते. सासूबाईंचा हात असल्यासारखं वाटतं." तिला असं बोलता येतं. मला येत नाही, आणि हासुद्धा एक मुद्दा आहेच.

तेरड्याचं तोरण तिने असंच केलं. आदल्या वर्षीच्या गौरीत सगळ्या बायका जेवणाची पानं घेत होत्या, तेव्हा ही गौरीसमोर मांडी घालून तेरड्याकडे बघत बसली होती. मला वाटलं, कामचुकारपणा. चार महिन्यांनी तिने तोरण आणून दाखवलं. दारावर लावायचं, खाली टोकं सोडलेलं, आणि त्यात तेरडा. नुसतं पाच पाकळ्यांचं फूल नव्हे, तर एक पाकळी खाली ओघळलेली आणि मागची शेपटी उलटी वळलेली. ती शेपटी दोऱ्यात आणायची म्हणजे खेळ नव्हे. मी तोरण हातात घेतलं, उलटं केलं, गाठी बघितल्या, खांब मोजले. चूक शोधत होते. सापडली नाही. "छान आहे," मी म्हटलं, "टोकं जरा लांब झालीत." ती लांब झालेली नव्हती.

मग तिने त्या चार्टची पीडीएफ केली आणि इंटरनेटवरच्या एका दुकानात विकायला ठेवली. चार्टला भाषा लागत नाही, हे तिनेच मला सांगितलं. साखळीची खूण जगभर तीच, खांबाची खूण तीच. आमच्या बेलवलीची बाई जे वाचेल तेच कुठल्याही देशातली बाई वाचेल. माझीही एक नक्षी तिने त्या दुकानात ठेवली. हंसांचा ताटरुमाल. मधे कमळ, भोवती एकमेकांच्या चोचीला चोच लावलेले हंस. आमच्याकडे गौरीच्या नैवेद्यावर वर्षानुवर्षं तोच असतो. माझ्या लेकीच्या शाळेच्या वहीतल्या आलेखाच्या पानावर मी तो पेन्सिलने काढला होता. तो मूळ कागद मनीषाने नेला, त्यावरून संगणकावर सुबक चार्ट केला आणि कागद तिच्याकडेच राहिला. माझा रुमाल विकत कोणी घेतला म्हणाल, तर माझ्या भाचीने. मावशीला वाईट वाटू नये म्हणून.

आणि त्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, मनीषा डोळे लाल करून माझ्या दारात उभी.

"ताई, माझं तोरण चोरलं हो. सगळीकडे फुकट वाटतायत."

फाइलींची देवाणघेवाण करणारी एक परदेशी साइट होती. कुणी तरी पीडीएफ विकत घेऊन तिथे टाकली होती आणि जगातल्या बायका तिथून उतरवून घेत होत्या. मला खरंच वाईट वाटलं. ती रडत होती, मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि पाठीवरून हात फिरवता फिरवताच माझ्या मनात पहिली ठिणगी पडली, की हिचंच का?

आता माझी नोकरी सांगायला हवी. उल्हासनगरला एका सिंधी वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी नोटिसा टाइप करते. नुसत्या टाइप करत नाही. साहेब दोन वाक्यं बोलतात, बाकीची नोटीस मी लिहिते. उल्हासनगरमध्ये भांडणं असतात ती जागेची. जुन्या बराकी, त्यांच्या भिंतीला लागून काढलेल्या खोल्या, खोल्यांना लागून पुढे सरकलेली दुकानं. कुणाची भिंत कुठे संपते हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून आमच्या प्रत्येक नोटिशीत चतुःसीमा लागते. सदर मिळकतीच्या पूर्वेस अमक्याचं फर्निचरचं दुकान, पश्चिमेस गटार, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याची बराक. जागेला चारी बाजूंनी शेजारी दिले की जागा पळून जात नाही, असं साहेब म्हणतात. इतकी वर्षं हे लिहून माझा हात आपोआप चालतो.

तर मनीषाच्या तोरणाची नोटीसही माझ्या हाताने आपोआप लिहिली. इंग्रजीत, ठसठशीत. आमच्या अशिलाच्या मालकीची तोरणाची नक्षी आपण आपल्या साइटवर बेकायदा ठेवली असून तिची त्या पानावरची चतुःसीमा पुढीलप्रमाणे: डाव्या बाजूस बाळाची टोपी, उजव्या बाजूस विणलेलं अस्वल, वरच्या बाजूस जाहिरात, खालच्या बाजूस टेबलावरचं कापड. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी साइटवाल्यांचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. आपण सांगितलेल्या जागी आम्हाला अस्वलाशेजारी एक ससा आढळला. कृपया फाइलचा नेमका दुवा कळवावा.

त्या पानावर रोज नव्या फाइली पडत होत्या आणि जुन्या खाली सरकत होत्या. माझी चतुःसीमा संध्याकाळपर्यंतही टिकली नव्हती. साहेब ते उत्तर वाचून इतके हसले की त्यांचा चष्मा उतरवून पुसावा लागला.

"मॅडम, ये बराक नहीं है! इधर पडोसी रोज बदलता है."

मला राग आला. पण हसू ओसरल्यावर त्यांनी मला बसवून नीट समजावलं. कागदावर उतरलेली नक्षी मनीषाची आहे, तिच्यावर तिचा हक्क आहे. आणि देशादेशांमध्ये करार आहेत, त्यामुळे तो हक्क बहुतेक सगळ्या देशांत मानला जातो. मी म्हटलं, मग झालं तर! साहेब मान हलवत राहिले.

"राइट तो सब जगह है, मॅडम. हाथ सब जगह नहीं है. आपण इकडून लेटर पाठवू शकतो. साइट एका देशात, मशीन दुसऱ्या देशात, टाकणारी बाई तिसऱ्या. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं, तो उधर का वकील, उधर का कोर्ट, उधर की भाषा. एक तोरण के लिए जायेगी क्या आपकी देवरानी?"

"आणि तोरण बघून कुणी दारावर लावलं असेल तर?"

"वो तो और मुश्किल. कागज उसका है. गाठ किसी की नहीं. गाठ तो मेरी माँ भी यही मारती थी सिंध में."

गाठ कुणाचीच नाही, हे ऐकून मला जरा बरं वाटलं. का वाटलं ते मी साहेबांना सांगितलं नाही.

मग मी दुवे गोळा करून रीतसर तक्रारी धाडू लागले. साइटवाले एक फाइल काढायचे, की दुसऱ्या नावाने दोन यायच्या. दिवाणखान्यातून हाकललेलं मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यावं तसं. मनीषा रोज माझं ऑफिस सुटायच्या वेळी फोन करायची. "काढलं का हो, ताई?" आणि मी म्हणायचे, "काढलं गं, पण आता अजून एका ठिकाणी आलंय." हे सांगताना माझ्या आवाजात जी काळजी असायची, ती अर्धी खरी होती.

तक्रारीला मूळ पीडीएफ जोडावी लागे. चोरलेली प्रत आणि मूळ शेजारी ठेवून बघताना मला कळलं, की चोरांनी पहिलं पान कापून टाकलंय. त्या पानावर मनीषाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ होती: हे काम मी माझ्या जाऊबाईंकडून शिकले, त्या मला मोठ्या बहिणीसारख्या आहेत. मी ते पान आधी कधी उघडूनच बघितलं नव्हतं. ती ओळ मी पडद्यावर बोटाने गिरवली. आणि मग वाटलं, एक ओळ. तीही बारीक. आणि तीच नेमकी जगाने फाडून फेकली. तिचं नाव गेलं तरी तिचं तोरण फिरत होतं. माझं जे काही होतं ते त्या कापलेल्या पानावर होतं.

आणि त्या बायकांच्या प्रतिक्रिया! मी भाषांतर करून करून वाचायचे. कुणी लिहायची, ही कोणती फुलं आहेत, ऑर्किड का? कुणी लिहायची, मी आजीच्या वाढदिवसाला केलं, आजीला आनंद. आणि मग एक फोटो आला. लाकडी खिडकी, खिडकीबाहेर पांढराशुभ्र बर्फ, आणि खिडकीच्या वर आमच्या बारवीच्या डोंगरावरचा तेरडा, गुलाबी आणि जांभळा. भाद्रपदात आमच्याकडे मिठाच्या डब्यालाही पाणी सुटतं, आणि तिकडे बर्फ. कुठल्या तरी डोंगराळ देशात किंवा पृथ्वीच्या खालच्या अंगाला असेल. तो फोटो मी मनीषाला दाखवला तेव्हा ती रडायची थांबली. अंगठा आणि बोट लावून तिने तो मोठा केला, पुन्हा मोठा केला.

"ताई, बर्फ बघा ना! माझ्या तेरड्याला बर्फ लागला!"

त्या दिवसानंतर ती कधी मनापासून रडली नाही. चोरीची गोष्ट ती रंगवून सांगायला लागली. गौरीच्या दिवशी आमच्या घरी तोरण लागलं होतं, मुखवट्यांच्या बरोब्बर वर, आणि हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई गौरीला नमस्कार करून पहिला प्रश्न विचारत होती, "हेच का ते चोरीला गेलेलं?" मनीषा मोबाईल काढायची. बर्फाची खिडकी दाखवायची. बायका हात तोंडावर ठेवायच्या. घरात गौर माझी, पुरण माझं, पाट मांडलेले मी, आणि सगळा घोळका हिच्याभोवती. माझा हंसांचा रुमाल नैवेद्यावर होता. चुलतसासूबाईंनी हात धुऊन त्याला पुसले.

स्वयंपाकघरात मी आमटीचं पातेलं जरा जास्तच आपटलं. आमचे हे मागे उभे होते.

"काय झालं?"

"काही नाही. तिचं चोरतात, माझं कोण चोरतंय!"

"अगं, चोरी झाली नाही म्हणून कुणी रडतं का?"

"मी रडत नाहीये," मी रडत म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं. कुणी चोरायलाही येत नाही असं घर असण्यात काय आहे?"

ते खरंच कळण्यासारखं नव्हतं. दारात पाण्याचा तांब्या न्यायला आलेली मनीषा तेवढ्यात मागे फिरली. तिने ऐकलं की नाही ते मला तेव्हा समजलं नाही.

खरं सांगायचं तर मी रोज शोधत होते. ऑफिसात डबा खाताना, डाव्या हातात पोळी आणि उजव्या हाताने टाइप. हंस. कमळ. ताटरुमाल. वेगवेगळ्या भाषांत भाषांतर करून, त्यांची लिपी उचलून शोधपट्टीत टाकून. मी नोटिसा पाठवायला त्या साइटवर जाते असं साहेबांना वाटायचं. मी जायचे माझी चोरी शोधायला. तिथे अस्वलं होती, ससे होते, घुबडं होती, एक विणलेला फणसासारखा दिसणारा दिवासुद्धा होता. माझे हंस नव्हते. अख्ख्या जगात इतक्या चोर बायका, त्यांतल्या एकीलाही माझे हंस उचलावेसे वाटू नयेत! कायद्याने मी त्यांची मालकीण होते. सगळ्या देशांत. मला त्या मालकीचा कंटाळा आला.

मत्सराला लोक उगाच मोठमोठी नावं देतात. तो फार घरगुती असतो. तो परक्याच्या दारी जात नाही. जगप्रसिद्ध विणकाम करणाऱ्या कुणा बाईबद्दल मला कधीच काही वाटलं नाही. मी सुई जिच्या हातात दिली, जिचा पहिला वाकडा रुमाल मी उसवून पुन्हा विणून दिला, जिच्या घरी मला न विचारता फ्रिज उघडता येतो, तिच्याबद्दलच तो पेटतो. दोघींच्या मधे भिंत नसली, की कुणाची हद्द कुठे संपते ते रोज तपासत बसावं लागतं.

पितृपक्ष सुरू झाला होता. गौरीखाली सांडलेली माती, सुकलेला तेरडा, सगळं गेलं होतं. ऑफिसात दुपारी कुणी पक्षकार नव्हतं. मी सवयीने साइट उघडली, सवयीने शब्द टाकला, आणि माझे हंस आले.

मोबाईलच्या पडद्यावर ते करंगळीच्या नखाएवढे होते, पण आपलं मूल गर्दीत लांबूनही ओळखू येतं. चोचीला चोच. मधे कमळ. टाकणाऱ्या बाईचं नाव परदेशी होतं, चेहऱ्याच्या जागी मांजर. खाली एक ओळ होती, भाषांतर केल्यावर कळली: माझ्या मोठ्या बहिणीची नक्षी आहे, जरूर करून बघा. मला असं काही झालं, की मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

"साहेब, माझं चोरीला गेलं!"

साहेबांनी पाकीट चाचपलं. मग समजल्यावर म्हणाले, "अरे वा, मुबारक हो!" आणि खालच्या दुकानातून सगळ्यांना गरम जिलेबी मागवली. मी ह्यांना फोन केला. भाचीला केला. मग मनीषाला केला, आणि आवाज शक्य तितका चिंतेचा ठेवून सांगितलं, की अगं, आता माझेही हंस उचलले गं मेल्यांनी.

"अय्या! खरंच?" ती म्हणाली. "बघा ताई, मी म्हटलं नव्हतं? आता तुम्हालाही ताप."

"तर काय! आणि वर निर्लज्ज म्हणते कशी, माझ्या मोठ्या बहिणीची नक्षी. ही कोण बया माझी बहीण होणारी?"

पलीकडे ती उगाच खोकली. मग म्हणाली, "लोक काहीही लिहितात हो."

दुसऱ्या दिवशी मी नोटीस लिहायला घेतली. माझ्या स्वतःच्या मिळकतीची पहिली नोटीस. नेमका दुवा दिला, सगळं रीतसर केलं, आणि मग हौस म्हणून चतुःसीमाही घालायची ठरवली. लागत नव्हती, तरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती लिहिल्या, आता माझ्या हंसांच्या लिहू दे. म्हणून फोटो ऑफिसच्या संगणकावर उघडला आणि पडदाभर मोठा केला.

तो स्वच्छ छापील चार्ट नव्हताच. ते आलेखाचं पान होतं, माझ्या पेन्सिलच्या खुणांचं, खोडलेल्या कमळाचं. मला वाटलं, असेल काही. मी लिहायला लागले. पूर्वेस: उजेड, बहुधा दाराचा. पश्चिमेस: फरशी, पांढरी, काळ्या ठिपक्यांची. उत्तरेस: प्लास्टिकच्या चटईची हिरवी कड. दक्षिणेस: कागद उडू नये म्हणून ठेवलेली एक पितळी वस्तू, आंब्याच्या आकाराची, तिच्या झाकणावर मोर, मोराची मान डावीकडे वाकलेली.

माझे हात तिथे थांबले.

सगळ्या जगात कुणी माझं चोरलं नव्हतं. माझ्या जावेने हेंद्रेपाड्यातल्या तिच्या बाल्कनीच्या दारात बसून, परदेशी बाईचं नाव आणि मांजराचं तोंड घेऊन, माझ्यासाठी माझी चोरी केली होती. आमटीच्या पातेल्याचा आवाज तिने ऐकला होता.

मला काय वाटलं असेल? प्रेम वाटलं म्हणाले तर साहेबांच्या ऑफिसात खोटं प्रतिज्ञापत्र केल्यासारखं होईल. आधी कान तापले. जिलेबी आठवली, भाचीला केलेला फोन आठवला. दया केली का हिने माझ्यावर? मग वाटलं, हे मला का नाही सुचलं? ती रडत दारात आली होती तेव्हा मी चतुःसीमा लिहीत बसले, आणि हिने एका दुपारी माझं दुखणं ओळखून त्यावर नेमकं औषध ठेवलं. सुई मी शिकवली, नक्षी तिने जास्त चांगली काढली, आणि आता मनही तिचंच मोठं निघालं. तोरणाचा मत्सर एक वेळ गिळता येतो. ह्याचा कसा गिळायचा?

साहेब चहा पीत माझ्या मागे येऊन उभे राहिले. "क्या मॅडम, कोणत्या देशात आहे पार्टी?"

मी पडदा लहान केला. "माहीत नाही, साहेब. पत्ता नाही मिळत."

गंमत बघा, त्या सगळ्या मोसमात मी जितक्या नोटिसा लिहिल्या, त्यांत पोचण्यासारखी ही एकच होती. ह्या नोटिशीला ना परदेशी वकील लागत होता, ना परदेशी कोर्ट. मी स्वतः संध्याकाळी रिक्षाने जाऊन ती दारात देऊ शकले असते. कायद्याचा हात जिथे नक्की पोचत होता, तिथे माझा पोचेना. नोटीस मी कधी पाठवली नाही.

माझे हंस अजून त्या साइटवर आहेत. गेल्या हिवाळ्यात कुणा अनोळखी बाईने ते करून टेबलावर पसरलेला फोटो टाकला. कोपऱ्यात तिचा ब्रेड आणि निळा कप होता. ती बाई खरी होती, मी तपासलं. मी तो फोटो मनीषाला पाठवला. तिने हृदयं पाठवली, टाळ्या पाठवल्या, आणि बऱ्याच वेळाने एक वाक्य: माझ्या तोरणाचं आता कुणी काही टाकत नाही हो ताई. ते वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या ओळखीचं होतं ते. त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला विसरले, पण गुणगुणत होते.

हे सगळं ह्यांनाही माहीत नाही. मनीषाला मी काही बोलले नाही, तीही नाही.

आज तेरडा घरी आणला, तो बादलीत उभा केला. दुपारी मनीषा मदतीला आली. जुड्या बांधताना तिने गौरीच्या फुलांपैकी दोन माझ्या केसांत खोचली. मुखवटे चढले, थोरली उभी राहिली, धाकटी उभी राहिली. वर तिचं तोरण, खाली माझा रुमाल. मग तिने पिशवीतून कोयरी काढली आणि मला हळदीकुंकू लावायला पुढे आली.

"ताई," बोट कुंकवात बुडवताना तिने खाली बघतच विचारलं, "ती तुमच्या हंसांची नोटीस... पाठवलीच नाहीत ना?"

"कुणाला पाठवू?" मी म्हटलं. "पत्ता लागतो नोटिशीला."

तिचं बोट माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकलं. मग ती वाकून पाया पडली, आणि पाया पडताना कोयरी माझ्या हातात आली. मी ती धरून राहिले. मोराची वाकडी मान बोटांना लागत होती. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न केला, बसलं नाही, आणि मी ती तिला परत दिली. द्यावीशी वाटत नव्हती.